रापणीचा फोटो आणि रेझर व्ही३ : एका बंद फ्लिप फोनचे प्रकरण

गेल्या वर्षी श्रावणात, दोन दिवसांच्या उघडिपीनंतर पावसाने पुन्हा जोर धरला होता त्या सकाळी, मालवणजवळच्या किनाऱ्यावरील एका गावातून साधारण पासष्टीच्या एक काकी आपल्या नातवाला घेऊन माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आल्या. त्यांनी काउंटरवर सुती फडक्याची गाठ सोडली. आत चंदेरी रंगाचा, मिटलेला मोटोरोला रेझर व्ही३ होता आणि त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. नातू काही बोलायच्या आत काकी म्हणाल्या, "माका फोन नको, आतलो फोटो होयो."

मागणी एवढीच होती, पण तिच्यामागची हकिगत समजून घेणे आवश्यक होते, कारण अशा कामात कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे त्यावरून ठरते. काकींचा मोठा मुलगा मुंबईला नोकरी करतो. २००६ साली गणपतीला गावी येताना तो हा फोन घेऊन आला होता. त्या मुक्कामात एका सकाळी त्याने वडिलांचा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून दोराने ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, ओढतानाचा फोटो काढला. वडील २०११ मध्ये गेले. मागे राहिलेले त्यांचे फोटो ओळखपत्रावरचे किंवा लग्नाच्या मांडवातील गर्दीतले होते. काम करतानाचा फोटो हा एकच आणि तो या फोनबाहेर कधीच आला नव्हता. फोन २००९ च्या सुमारास बंद पडला, मुलाने दुसरा घेतला आणि हा गावच्या कपाटात राहिला.

नातू कॉलेजात शिकणारा, चुणचुणीत होता. त्याने विचारले, की मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावले तर काम होणार नाही का? मी त्याला सांगितले, की या फोनला कार्ड लावायची जागाच नाही. त्याचा चेहरा उतरला, माझा मात्र जीव थोडा भांड्यात पडला. कार्ड असते तर २००९ साली ते नक्कीच काढून नव्या फोनमध्ये घातले गेले असते, तिथे कधीतरी फॉरमॅट झाले असते किंवा गाण्यांनी भरून गेले असते. त्या काळातील फोनमधले फोटो शोधत येणाऱ्या दहापैकी आठ जणांना मला "कार्ड कुठे आहे?" असे विचारावे लागते आणि त्यांना ते आठवत नाही.

फोनची घडण

पुढचे सारे निर्णय या फोनच्या घडणीवर अवलंबून होते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

रेझर व्ही३ हा २००४ च्या जुलैमध्ये जाहीर झाला. मिटलेल्या अवस्थेत त्याची जाडी १३.९ मिलिमीटर आणि वजन ९५ ग्रॅम होते. त्या वेळी फ्लिप फोन म्हटले, की साबणाच्या वडीसारखी फुगीर वस्तू डोळ्यांसमोर येत असे. त्यात हा फोन एखाद्या चपट्या सिगारेट-केससारखा दिसे. ही जाडी गाठण्यासाठी रॉजर जेलिको यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी दोन मोठे फेरबदल केले. एरवी बॅटरी सर्किट बोर्डाच्या खाली असते, ती त्यांनी बोर्डाच्या शेजारी आणली. अँटेना वरच्या टोकाला असते, ती खाली बोलण्याच्या जागेजवळ, कीपॅडखालच्या फुगीर हनुवटीत नेली. शेजारी-शेजारी मांडणीमुळे फोन रुंद होणे अपरिहार्य होते, म्हणून रुंदी ५३ मिलिमीटरपर्यंत वाढली. हातात घेतल्यावर तो बारीक भासे, पण मुठीत मावण्याच्या दृष्टीने रुंदच होता आणि सवय होईपर्यंत एका हाताने बटणे दाबताना अंगठा ताणावा लागे.

बाहेरचे कवच अ‍ॅनोडाइज केलेल्या, म्हणजे वर ऑक्साइडचा संरक्षक थर चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे होते. कीपॅडला वेगवेगळी बटणे नव्हती. धातूच्या एकाच पातळ पत्र्यावर आकडे आणि त्यांच्यामधल्या रेषा रासायनिक प्रक्रियेने कोरलेल्या होत्या आणि मागून निळा प्रकाश येई. अंधाऱ्या पडवीत फोन उघडला की तो निळा उजेड तोंडावर पडायचा. गावातली मुले केवळ ते पाहायला जमत असत, असे काकींनीच सांगितले. अंगठ्याने झाकण वर ढकलावे, त्याने 'टक्' करून उघडावे आणि बोलणे संपले की 'टक्' करून मिटावे, या आवाजासाठीच लोक हा फोन घेत होते असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. त्या एका मालिकेचे जगभरात १३ कोटींहून अधिक फोन खपले.

सोयी त्या काळाच्या मानाने भरपूर होत्या. आतला पडदा २.२ इंची आणि रंगीत, झाकणाच्या बाहेर वेळ आणि फोन करणाऱ्याचे नाव दाखवणारा दुसरा छोटा पडदा, ब्लूटूथ, चार फ्रिक्वेन्सी बँडवर चालण्याची क्षमता, आणि चार्जर, हेडफोन व संगणकाची केबल या तिन्हींसाठी तळाशी मिनी यूएसबीचे एकच भोक. कॅमेरा व्हीजीए, म्हणजे ६४० बाय ४८० ठिपक्यांचा. फ्लॅश नव्हता. चारपट डिजिटल झूम होता, पण डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे, त्याने तपशील वाढत नाही. आणि हे सारे साठवायला आत सुमारे ५ एमबी जागा होती. रिंगटोन आणि वॉलपेपरही त्यातच बसवायचे. आजच्या फोनचा एकच फोटो एवढी जागा खातो.

जाडी कमी करण्यासाठी मोजलेली किंमत इथे दिसते. कार्डाचा खाच नाही, साठवण तुटपुंजी, आणि वरच्या झाकणातील दोन्ही पडदे, कॅमेरा व कानाजवळचा स्पीकर हे सारे खालच्या बोर्डाला बिजागरीतून जाणाऱ्या एका पातळ लवचीक पट्टीने जोडलेले. आमच्या धंद्यात तिला फ्लेक्स किंवा स्ट्रिप म्हणतात. झाकण दिवसातून पन्नास वेळा उघडमीट होणार आणि प्रत्येक वेळी ही पट्टी वाकणार. कोणत्याही फ्लिप फोनचे मरण बहुधा इथेच असते.

नंतर आलेल्या व्ही३आय या सुधारित फोनमध्ये १.२३ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि कार्डाची सोय होती. हा फोन व्ही३आय असता तर फोटो चौपट तपशिलाचा असता आणि बहुधा हरवलेला असता.

ब्लूटूथ असूनही फोटो त्याच वेळी बाहेर का आला नाही, हे मी मुलाला फोनवरून विचारले. त्याचे उत्तर सरळ होते. पाठवायचा कोणाला? घरी तारेचा फोन होता, आणि शेजाऱ्याकडे नोकिया ११०० होता, ज्याला ना कॅमेरा ना ब्लूटूथ. डेटा केबल त्याने कधी घेतली नव्हती. फोटो पाहायचा तर फोन उघडायचा, एवढेच त्या घराला ठाऊक होते.

तपासणी

मागचे झाकण उघडण्यापूर्वीच लक्षात आले, की ते मधोमध फुगले आहे. आतली बॅटरी सुजली होती. अशी बॅटरी चार्ज करून पाहायची नसते आणि टोकदार वस्तूने उपटायची तर मुळीच नसते. प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू ती सोडवली आणि दुकानाबाहेर वाळूच्या डब्यात ठेवली. कवचाच्या कडांना, जिथे अ‍ॅनोडाइजचा थर घासून गेला होता तिथे, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली होती. समुद्रापासून दोनशे मीटरवरच्या घरात चौदा वर्षे ठेवलेल्या वस्तूच्या मानाने ही अवस्था चांगलीच म्हणायची. खाऱ्या हवेत लोखंडी खिडकीचे गज एवढ्या काळात दोनदा बदलावे लागतात. काकींनी फडक्यात बांधून, कपाटाच्या वरच्या खणात, भिंतीला न टेकवता फोन ठेवला होता. त्या ठेवणुकीचा या कामातला वाटा माझ्या हत्यारांइतकाच आहे.

मिनी यूएसबीच्या भोकात मात्र हिरवा गंज होता. भिंगाखाली पाहिले, तर पाचपैकी दोन पिना पार झाकल्या गेल्या होत्या.

माझ्या भंगाराच्या डब्यात दुसरा एक व्ही३ पडून होता, बोर्ड जळालेला पण बॅटरी शाबूत. ती मीटरवर ३.६ व्होल्ट दाखवत होती. ती काकींच्या फोनमध्ये घातली आणि लाल बटण दाबून धरले. दोन्ही पडदे काळेच राहिले, पण तीन-चार सेकंदांनी कीपॅड निळा उजळला. नातू ओरडलाच. मला त्या उजेडातून हव्या त्या दोन गोष्टी कळल्या. कीपॅड खालच्या अंगात, बोर्डाच्या बाजूला असतो. तो पेटला म्हणजे बोर्ड जिवंत आहे आणि फोन सुरू होत आहे. पडदे वरच्या अंगात असतात. ते दोन्ही एकदम काळे म्हणजे दोष मधल्या पट्टीत आहे. खात्री करण्यासाठी झाकण अगदी सावकाश, बोटभर बोटभर वर नेले, तेव्हा एका विशिष्ट कोनात बाहेरच्या पडद्यावर क्षणभर आडव्या रेषा चमकून गेल्या. निदान पक्के झाले.

आता दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे भंगारातल्या फोनचे वरचे अंग पट्टीसकट काढून या फोनला बसवणे. तसे केले तर पडदा दिसला असता आणि फोटो ब्लूटूथने एकेक करून पाठवता आले असते. पण त्यासाठी बिजागरी उघडावी लागते, आणि वीस वर्षांच्या जवळ आलेल्या फोनची बिजागरी उघडताना बोर्डावरच्या सॉकेटला धक्का बसला तर होता तोही आधार जातो. दुसरी वाट म्हणजे पडद्याविनाच यूएसबीने आतली साठवण वाचणे. ग्राहकाला फोन नको, फोटो हवा होता. म्हणून दुसरी वाट आधी, ती बंद झाली तरच पहिली, असे ठरवले. कारागिराचा हात बिजागरीकडे आपोआप जातो, कारण तिथे कसब दाखवता येते, हे मी स्वतःबद्दलही कबूल करतो.

भोकातला गंज आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक केसांच्या ब्रशने काढला, सुटलेली एक पिन पुन्हा डाख दिली, आणि केबल संगणकाला लावली. इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती नोंदवतो. बॅटरी निम्मी होती, म्हणून संगणकाच्या यूएसबीवरच ती भरत राहील असे गृहीत धरून मी चहाला गेलो. तासाभराने येऊन पाहतो तर फोन पूर्ण बंद. हा फोन संगणकावर योग्य ड्रायव्हर (फोनची ओळख पटवणारे छोटे सॉफ्टवेअर) नसेल तर चार्ज होण्यास नकार देतो आणि तसा संदेश पडद्यावर दाखवतो. संदेश त्याने दाखवला असणारच. पण तो ज्या पडद्यावर उमटायचा तोच मेलेला होता. मोटोरोलाचा मूळ भिंतीचा चार्जर शोधून काढला, दीड तास लावला आणि नव्याने सुरुवात केली.

हे जुने ड्रायव्हर आजच्या विंडोजवर बसवायचे म्हणजे डोकेदुखी. दुकानात विंडोज एक्सपीचा एक जुना डेस्कटॉप मी याच कारणासाठी ठेवला आहे. बायको दर दिवाळीला तो भंगारात देण्याची आठवण करते. त्या संगणकावर मोटोरोलाच्या त्या पिढीतील फोनच्या फायली वाचणारे जुने सॉफ्टवेअर आहे. संगणकाला फोन आधी मॉडेम म्हणून दिसतो, मग सॉफ्टवेअर त्याला दुसऱ्या रूपात नेते आणि आतले फोल्डर खुले होतात. चित्रांच्या फोल्डरमध्ये ४१ फायली होत्या, सगळ्या मिळून जेमतेम २ एमबी. त्या मी दोनदा उतरवल्या आणि दोन्ही वेळच्या प्रतींचे आकार शेवटच्या बाइटपर्यंत जुळवले. एक फाइल अर्ध्यानंतर करडी निघाली. ती कोणत्या तरी कुत्र्याची होती. बाकी चाळीस सुखरूप होत्या.

तारखेचा घोळ

रापणीचा फोटो सापडला तो '०९-०३-०६' अशी सुरुवात असलेल्या फायलीत. पुढे '०७१२', म्हणजे सकाळचे ७ वाजून १२ मिनिटे. नातवाने लगेच वाचले, ९ मार्च २००६. काकी म्हणाल्या, शक्य नाही, फोन गणपतीत आला. नातू म्हणाला, आजीला आठवत नसेल, शिमग्याला काका आला होता.

एवढ्याशा गोष्टीवर दोघांचे बरेच वाजले. हा काका म्हणजे काकींचा मोठा मुलगा, तो मुंबईहून फोनवर म्हणाला, की शिमग्यालाही आलो असेन बहुतेक. अशा वेळी फायलींची यादीच साक्षीला घ्यावी. या फोनमध्ये चित्राचे नाव महिना, दिवस, वर्ष या अमेरिकी क्रमाने पडते. पण तसे केवळ सांगून भागत नाही, शिवाय फोनचे घड्याळ बरोबर होते की नाही हा प्रश्न राहतोच. बॅटरी काढल्यावर घड्याळ मागे जाते आणि पुष्कळ लोक ते पुन्हा लावत नाहीत. यादीत '०८-२७-०६' अशी एक फाइल होती. सत्ताविसावा महिना नसतो, म्हणजे पहिला आकडा महिन्याचा. ती उघडली, तर माटवीखाली, म्हणजे वर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली बसवलेला गणपती, समोर पूजेचे ताट आणि बाजूला अजून न पेटवलेली समई. २००६ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टलाच होती, कालनिर्णयाची गरजही नाही, कोणत्याही पंचांगात मिळेल. क्रमही सिद्ध झाला आणि घड्याळही. रापणीचा फोटो ३ सप्टेंबरचा, रविवारचा. काकी नातवाकडे पाहून काही बोलल्या नाहीत, पदर सारखा केला.

फोटो किती मोठा करता येईल

हा भाग मला सर्वांत अवघड गेला.

संगणकाच्या पडद्यावर फोटो उघडला तेव्हा काकी खुर्ची पुढे ओढून बसल्या. किनाऱ्यावर तिरकी रांग, दोर धरून मागे रेललेली माणसे, डावीकडे ओढून ठेवलेली होडी, मागे करडे पाणी. त्या घराने हा फोटो आजवर जो पाहिला होता तो रेझरच्या आतल्या पडद्यावर. त्या पडद्यावर १७६ बाय २२० म्हणजे ३८,७२० ठिपके असतात, तर फोटोत ३,०७,२०० आहेत. म्हणजे संपूर्ण पडदा भरला तरी फोटोचा जेमतेम आठवा हिस्साच त्यांना दिसत आला होता. टोपली घेऊन उभ्या असलेल्या दोन बायका, दोरावरचा ओला शेवाळी रंग, रांगेच्या शेवटी बसून पाहणारे एक पोर, हे त्यांच्यासाठी नवीन होते. ते पोर कोण यावर काकी आणि नातू यांचा पुन्हा वाद झाला, तो मी इथे देत नाही.

काकींना फोटो भिंतीवर लावायचा होता, बारा इंची चौकटीत, सासऱ्यांच्या फोटोशेजारी. ६४० ठिपके बारा इंचांवर पसरले तर इंचाला ५३ येतात, आणि नीट छापायला किमान दोनशे तरी लागतात. त्यातून त्यांच्या यजमानांचा चेहरा संपूर्ण चित्रात पंधरा ठिपक्यांएवढा रुंद. मी मोजून दाखवला. सकाळचा मंद उजेड, फ्लॅश नाही, आणि कॅमेरा फोनच्या पातळ झाकणात बसवलेला असल्याने भिंग मसुराच्या डाळीएवढे. चेहऱ्यावर नाक कुठे आणि मिशी कुठे हे सांगणे कठीण होते.

नातवाने मोबाइलवर एक अ‍ॅप काढले. अशी अ‍ॅप आता सर्वांकडे असतात. त्याने चेहऱ्याचा तुकडा त्यात टाकला आणि पाच सेकंदांत एक स्वच्छ, रेखीव, डोळे चमकणारा पुरुष पडद्यावर आला. सुंदर काम होते, फक्त तो माणूस कोणी तिसराच होता. पंधरा ठिपक्यांत जे नाही ते अ‍ॅपला कुठून मिळणार? ते हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधते. मी काकींना एवढेच सांगितले, की हा चेहरा मशीनने रचलेला आहे, यजमानांचा नाही, आणि ठरवायचे त्यांनी. दुरुस्ती करणाऱ्याने ग्राहकाच्या भिंतीवर काय लावावे हे सांगू नये, पण काय लावले जात आहे हे मात्र सांगितलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

काकींनी अ‍ॅपमधला चेहरा बराच वेळ पाहिला आणि मान हलवली. मग मूळ फोटोकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे बघ. दोर डाव्या खांद्यार आसा. बाकी सगळ्यांचो उजव्यार. उजवो दुखत होतो तेंचो, म्हणान डावो." रांगेत पाहिले तर खरोखरच अकरा माणसांपैकी एकाच्याच डाव्या खांद्यावर दोर होता. ते पाहायला पंधरा ठिपक्यांचा चेहरा लागत नव्हता. खांदा, पाठीचा बाक आणि डोक्याचा पंचा व्हीजीएतही स्वच्छ उतरला होता.

शेवटी चार इंच रुंद आणि तीन इंच उंच अशी छपाई ठरली. इंचाला १६० ठिपके येतात, हातात धरून पाहण्याइतपत ठीक. रंग किंवा धार यांना हात लावला नाही. बाजारातल्या स्टुडिओतून दोन प्रती काढून आणल्या, सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवर आणि मुलाच्या ईमेलवर दिल्या. फायलींची नावे बदलली नाहीत, कारण तारीख त्यांतच आहे. सुजलेली बॅटरी मी ठेवून घेतली, ई-कचरा गोळा करणारा महिन्यातून एकदा येतो त्याला द्यायला. बिजागरीला हात लावला नाही. मजुरीचे चारशे रुपये काकींनी रुमालातून मोजून दिले, बॅटरीविना हलका झालेला फोन एकदा उघडून मिटला, आवाज ऐकला, आणि पुन्हा त्याच फडक्यात बांधला.